प्लायवूडपलीकडच्या म्हात्रे मॅडम

म्हात्रे मॅडमना माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी त्यांचं फ्रेंच चोरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी संस्कृतचा मास्तर. नेरुळला एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचे क्लासेस. मालक सावंत सरांनी एकाच हॉलचे प्लायवूड ठोकून दोन भाग केले होते. अलीकडे माझं संस्कृत, पलीकडे त्यांचं फ्रेंच. प्लाय इतका पातळ की तिकडे कुणी पेनचं टोपण काढलं तरी इकडे कळे. अशा ठिकाणी मी काय कानात बोळे घालून शिकवायचं होतं? पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. "आठल्ये सर, तुमच्या खोलीत मी शिकवत असताना फार शांतता असते," असं त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या की मी खरंच काहीतरी केलंय की काय, असं मलाच वाटायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून त्यांच्या बाजूने प्लायवर खिळ्यांनी ठोकले. स्वतः, खुर्चीवर चढून, तोंडात खिळे धरून. आवाज अडतो म्हणे. आवाज काही अडला नाही. खिळ्यांची टोकं मात्र माझ्या बाजूला बाहेर आली आणि माझ्या शर्टाची बाही त्यात दोनदा फाटली. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "तुम्ही भिंतीच्या एवढे जवळ कशाला उभे राहता?"

बाई बुटक्या, तुरतुरीत. कांजी केलेली सुती साडी, काखेत घट्ट धरलेली पर्स, आणि पर्सच्या चेनला बॅगेला लावतात तसलं इवलंसं कुलूप. त्यात काय असेल याबद्दल आम्ही मास्तर मंडळी पुष्कळ तर्क करायचो. निघाले खडू. क्लासचे खडू त्यांना चालत नसत, आणि आपला खडू त्या कुणाला देत नसत. एकदा माझा खडू संपला म्हणून मी मागायला गेलो.

"कशाला हवाय?"

"लिहायला."

"काय लिहिणार?"

मी सांगितलं, राम शब्दाची षष्ठी. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "सावंतांच्या केबिनमध्ये बघा, खोका असेल." षष्ठीत नेमकं काय खटकलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या वर्गात शिरणं हा एक सोहळाच होता. दाराशी स्टूल, स्टुलावर एक मोठं मोदकपात्र. पोरांनी आपापले मोबाइल त्यात टाकायचे. मोदकपात्रच का, तर त्याचं झाकण घट्ट बसतं आणि उघडलं की खणखणतं. चोरून उघडता येत नाही. मोबाइल टाकले की एकेकाने उंबऱ्यात उभं राहून एका क्रियापदाची सहा रूपं म्हणून दाखवायची. बरोबर आली तर आत. चुकली तर जिन्यात जाऊन पाठ करायची आणि परत रांगेत उभं राहायचं. एकदा सावंत सर फी भरलेल्या पोरांची हजेरी घ्यायला आत शिरत होते, त्यांनाही बाईंनी उंबऱ्यात थांबवलं. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाल्या. मालक हसत हसत परत फिरले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

ही जी सहा रूपं, ती साधीसुधी नव्हती. फ्रेंचमध्ये एक काळ आहे, प्लुपरफेक्ट सबजंक्टिव्ह. आपल्या 'आलो असतो, आला असतास, आला असता'च्या जवळपासचा प्रकार. आजचा फ्रेंच माणूस बोलताना तो वापरत नाही. जुन्या पुस्तकांत काय तो सापडतो. परीक्षेत त्याला मार्क नाहीत. क्लासच्या वेळापत्रकात तर त्याचं नावही नव्हतं. आणि बाई दररोज, पहिली दहा मिनिटं तेच घोकून घ्यायच्या. "क झ फ्यूस व्हनू, क त्यू फ्यूस व्हनू, किल फ्यू व्हनू..." त्या फ्यूसवरून पोरांनी त्यांचं नाव 'फ्यूज मॅडम' ठेवलं होतं. मलाही दिवसभर डोक्यात तेच घुमे. घरी भाजी चिरताना एकदा बायकोने विचारलं, "अहो, कसला मंत्र पुटपुटताय?" मी म्हटलं, "काही नाही, शेजारचा आहे."

सगळ्यात विचित्र म्हणजे हे सगळं तोंडी. वह्या नाहीत, नोट्स नाहीत, झेरॉक्स नाही. स्पेलिंग दाखवायचं असेल तेव्हा बाई फळ्यावर एक शब्द लिहायच्या, "डोळ्यांनी घ्या" म्हणायच्या आणि पोरांनी पेन उघडायच्या आत तळहाताने पुसून टाकायच्या. त्यांचा उजवा तळवा कायम पांढरा असे, आणि साडीला त्या बाजूला खडूचा एक पट्टा. मी बारा वर्षं वेद न शिकवता संस्कृत शिकवलं, आणि ही बाई फ्रेंच मात्र पाठशाळेसारखं शिकवत होती. मला त्यांचा हेवा वाटे आणि संशयही येई. कारण ज्याचा कागद नाही ते तपासणार कोण? बाई फ्रान्सला गेल्या नव्हत्या, त्यांचं सर्टिफिकेट कुणी पाहिलेलं नव्हतं. मनातून रचून काहीही सांगत असल्या तर? एके दिवशी मी प्लायपलीकडून येणारं एक अख्खं क्रियापद मोबाइलवर ताडून पाहिलं. एकही रूप चुकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला जरा वाईटच वाटलं.

हा संशय माझ्या एकट्याचा नव्हता. एका मुलाचे वडील महाप्याच्या आयटी पार्कमध्ये होते, कंपनीने त्यांना काही वर्षं पॅरिसला पाठवलेलं. ते एका संध्याकाळी तावातावाने आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "मॅडम, मी तिथे राहून आलोय. हे असलं तिथे भाजीवालासुद्धा बोलत नाही. तुम्ही पोरांचा टाइम वेस्ट करताय."

"भाजीवाल्याशी बोलायला तुमचा मोबाइल हाय की," मॅडम म्हणाल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडचं 'आहे' जाऊन 'हाय' यायचं. "तो सगळं बोलतो. पोरं होमवर्क पन त्याच्याकडूनच करून आनतात. मग मला कसं कळनार कोन शिकलाय नि कोन नाय?"

"पण याचा उपयोग काय?"

"उपयोग नाय ना? म्हनून याची चोरी कोन करत नाय. हे ज्याला येतं तो खरा बसून शिकलेला असतो. आता तुमी आलाच हाय तर एक रूप म्हना, मग आत या, बसून बोलू."

ते गृहस्थ लाल झाले. त्यांना एकही रूप आलं नाही. बाईंनी शांतपणे जिन्याकडे बोट दाखवलं. मी माझ्या दारातून बघत होतो. मला हसू आवरेना. चोरीची एवढी धास्ती, आणि शिकवायचं ते कुणी चोरणार नाही असं म्हणून. यातली विसंगती मी दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितली, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे काल तुम्ही ऐकत होता."

त्यांची ही तऱ्हा कुठून आली ते मला एपीएमसी मार्केटात थोडंसं उमगलं. आंब्याचे दिवस होते, मी पेटी घ्यायला गेलो होतो. पुढे एका गाळ्यावर मॅडम. व्यापारी पेटीचं झाकण उघडून वरचे पिवळेधमक आंबे दाखवत होता आणि बाई हाताची घडी घालून उभ्या.

"वरचा थर मना नको दावू. खालचा दाव."

"ताई, एकसारखा माल आहे. विश्वास ठेवा."

"विश्वास ठेवून झाला हाय आमचा. उलटी कर पेटी."

त्याने खरंच पेंढ्यावर पेटी उलटी केली. खालचे आंबे लहान निघाले, दोन डागाळलेलेही. बाईंना राग आला नाही, उलट समाधानच दिसलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलं? भाषेचं पन तेच असतं सर. बोंजूर-मेर्सी वरचा थर. तो सगळे दाखवतात. मी पोरांना पेटी उलटी करायला लावते." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मागून आलात का इथे?"

त्या दिवशी आम्ही बेलापूरपर्यंत एका रिक्षात आलो. अर्ध्या रस्त्यात त्या आपणहून बोलल्या, हे एक नवलच. त्यांचं माहेर म्हणजे खाडीकाठचं गाव, आता चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलेलं. भातशेती होती. शहर बसायला लागलं तेव्हा गावात जमिनी घ्यायला कागद घेऊन माणसं यायची; कोण कुठलं, कोण कुणाचा दलाल, काही कळायचं नाही. वडिलांना वाचता येत नव्हतं. नात्यातल्याच एकाने सांगितलं म्हणून त्यांनी अंगठा दिला, आणि शेवटी जमिनीचा मोबदला म्हणून हातात आलं ते शेजाऱ्याच्या निम्मं. "बाबा मरेपर्यंत एकच बोलायचा. अंगठा नसता दिला तर. आमच्या घरात सगळे याच काळात बोलतात सर, असतं तर नि नसतं तर. मला कॉलेजात फ्रेंचमध्ये हा काळ भेटला ना, तेव्हा वाटलं, हे आपल्या घरचंच कोणीतरी आहे."

"पण फ्रेंचच का घेतलंत?" मी विचारलं.

"संस्कृत घेतलं होतं आधी. सर म्हणाले, तुझा ण नीट येत नाही, आधी पाणी म्हणायला शिक. सगळा वर्ग हसला." त्या रिक्षाबाहेर बघायला लागल्या. "फ्रेंचमध्ये कुणाचंच काही नीट येत नव्हतं. तिथे बसले."

 ते सर मी नव्हतो, पण माझ्यासारखंच कुणीतरी असणार हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या मंडळींना ण वरून हसायची खोड आहे खरी. त्यानंतर बाईंचे खिळे शर्टात अडकले तरी मी तक्रार केली नाही.

फ्रान्सला जायची संधी त्यांना एकदा आली होती, शिक्षकांच्या एका गटाबरोबर. त्यांनी फॉर्म मागवला, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचला आणि आयोजकांना विचारलं, सहीच्या वर ही एवढी जागा कोरी का सोडली आहे? तिथे मागाहून काय लिहिणार? त्यांनी सांगितलं, काही नाही, तशीच पद्धत आहे. मॅडमनी फॉर्म परत केला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "क झ फ्यूस अले." गेले असते. एवढंच.

मग त्यांचा घसा बसला. आधी आम्ही मनावर घेतलं नाही, मास्तरांचा घसा बसतोच. पण महिना गेला, दोन गेले, आणि पलीकडून येणारा आवाज किसणीवर काहीतरी किसावं तसा यायला लागला. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ सांगितली. ऑपरेशन करावंच लागेल, आवाज परत येईलच असं नाही. दुसऱ्या कुणाला ही बातमी वाईट. बाईंना तर त्यात सगळंच जाणार होतं. आयुष्यभराचं शिकवणं त्यांनी घशात ठेवलेलं. एक चिठोरं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

सावंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आठल्ये, तुमचं ऐकतील. ऑपरेशनच्या आधी चार-पाच व्हिडिओ करून द्या म्हणावं. मोठ्या मुलांची बॅच परीक्षेला बसतेय, टेन्शन आहे."

माझं ऐकतील, हा शोध त्यांना कुठून लागला देव जाणे. तरी मी गेलो. बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या.

"तुमाला सावंतांनी धाडलंय," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"व्हिडिओ घेतील नि मला काढतील."

"असं कसं करतील?"

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. हार्डवेअरच्या दुकानाच्या फळीला नवा फ्लेक्स टेकवून ठेवला होता, अजून लावायचा होता. त्यावर मोठ्या अक्षरात 'व्हिडिओतून फ्रेंच', आणि एका परक्या मुलीचा हसरा फोटो.  इतकी वर्षं त्या उगाच संशय घेतात असं मी समजत होतो. त्यातला निदान एक तरी खरा होता.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, आवाज गेला. सावंत सरांनी फ्लेक्स लावला. पलीकडच्या खोलीत टीव्ही आला आणि त्यातली मुलगी बोंजूर म्हणायला लागली. लहान पोरं खूश होती. मोठ्या बॅचचे पाच-सहा जण मात्र व्हिडिओ संपला तरी घरी जाईनात. त्यात सानिका नावाची एक मुलगी होती, पाककलेचा कोर्स करायला फ्रान्सला जाणार होती. ती बाकीच्यांना उंबऱ्यात उभं करी आणि म्हणवून घेई. मोदकपात्र मॅडम घरी घेऊन गेल्या होत्या, म्हणून मोबाइल एका टोपीत. मला ते ऐकवत नसे. प्रत्येकाचं गाडं कुठे ना कुठे अडे, आणि पुढचं सांगायला आता कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी सानिका स्वतःच अडली. "क नू... क नू..." दोनदा, तीनदा. मी इकडे आठवीचे पेपर तपासत होतो. आणि माझ्या तोंडून, मान वर न करता, निघून गेलं, "क नू फ्यूसियों व्हनू."

पलीकडे बाक सरकले. मग सानिका माझ्या दारात आली. तिच्यामागे बाकीचे.

"सर, तुम्हाला येतं?"

"छे," मी म्हटलं.

"पुढचं, 'व्हू'चं सांगा."

मी सांगितलं. तिने दुसरं क्रियापद विचारलं, मग तिसरं. मीच घाबरलो. बारा वर्षं अंड्यांच्या ट्रेमधून गळून गळून ते सगळं माझ्यात साठलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

"सर, तुम्हीच घ्या ना," सानिका म्हणाली.

मला अर्थ येत नव्हता, स्पेलिंग येत नव्हतं. माझ्याकडे नुसता आवाज होता. आणि तोही त्यांचा. त्यांना न विचारता तो वापरला असता तर बाईंचा बारा वर्षांचा आरोप मी स्वतःच सिद्ध केला असता. म्हणून रविवारी उलव्याला गेलो.

उलव्याला नव्या टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर त्या आईबरोबर राहायच्या. खिडक्यांवरून विमानं जातात, अर्धे फ्लॅट अजून कुलपात. मी बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराच्या भोकातून कुणीतरी पुष्कळ वेळ बघितलं, मग साखळीपुरतं दार उघडलं. फटीत मॅडम. गळ्याला पांढरी पट्टी, काखेत पर्स. घरातसुद्धा.

"मॅडम, बसायला नाही आलो. एक विचारायचंय. मोठी पोरं अडलीत. तुम्ही वर्गात या, फळ्यावर लिहा, पुसा, काय हवं ते करा. बोलायचं काम मी करतो."

त्या हलल्या नाहीत. साखळी तशीच. मग त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. नियम सगळ्यांना सारखा.

मी ताठ उभा राहिलो. बहात्तर पोरांसमोर श्लोक म्हणणारा माणूस, पण हात आपोआप मागे बांधले गेले. "क झ फ्यूस व्हनू. क त्यू फ्यूस व्हनू. किल फ्यू व्हनू. क नू फ्यूसियों व्हनू." आलो असतो, आला असतास, आला असता, आलो असतो. पाचव्याला जीभ अडखळली. त्यांनी तळहात वर केला. पहिल्यापासून. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या वेळी त्यांचे ओठही माझ्याबरोबर हलत होते, आवाज नसलेले. सहावं रूप संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच डोळ्यांत असा काही विजय होता की मी मान खाली घातली. त्यांनी हात बाहेर काढून माझ्या कानाला एक बोट लावलं. बघा, मी म्हणत होते ना.

"कोन आलाय गो?" आतून त्यांच्या आईने विचारलं.

त्यांना सांगता येईना, म्हणून मीच सांगितलं. "मी, आजी. शेजारच्या खोलीतला."

"तोच काय, तुजं आयकनारा?"

मॅडमनी मान जोरात हलवली. तोच. मग साखळी काढली, पर्सचं कुलूप उघडलं, आतून एक नवा कोरा खडू काढून माझ्या हातावर ठेवला. बारा वर्षांत कुणाला न दिलेला. मला भरून आलं, मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी तो परत उचलला, मधोमध मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला, आणि अर्धा पर्समध्ये टाकून कुलूप लावलं.